ऐच्छिक विषयांची निवड: कोलंबिया विद्यापीठातील भीमराव आंबेडकर, १९१३–१९१६

१८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले असल्यामुळे प्रारंभीची अनेक दशके त्याचे काम मुख्यतः परीक्षा घेण्याचे व पदव्या देण्याचे होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांकडे असे आणि अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवीत असे. अशा व्यवस्थेत विद्यार्थ्याला आखून दिलेल्या विषयांपलीकडे फारसे जाता येत नसे, आणि आखलेल्या मर्यादेतील निवडही सर्वांना सारखी खुली नव्हती. भीमराव आंबेडकरांना शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत शिकावयाचे होते, परंतु अस्पृश्य मानलेल्या जातीतील मुलाला ते शिकविण्यास नकार मिळाल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. मराठी मुलखाच्या शैक्षणिक इतिहासात याहून क्लेशकारक निवड क्वचितच आढळेल. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन ते बी.ए. झाले आणि सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळवून १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

अमेरिकेत तोवर निराळी प्रथा रुजली होती. हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षपदी १८६९ मध्ये आलेल्या चार्ल्स एलियट यांनी ऐच्छिक अभ्यासक्रमांच्या पद्धतीचा, म्हणजे विद्यार्थ्याने आपले पाठ स्वतः निवडण्याच्या पद्धतीचा, हिरिरीने पुरस्कार केला होता. कोलंबियात आंबेडकरांनी घेतलेल्या पाठांची नोंद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक. मुख्य विषय अर्थशास्त्र असूनही एकूण ६० पाठांपैकी ३१ त्या विषयाबाहेरचे होते, आणि शिष्यवृत्तीची मुदत डोक्यावर असताना घेतलेला हा विस्तार विशेष लक्षणीय आहे. फ्रेंच व जर्मन यांचे प्रयोजन सहज कळते, कारण अमेरिकी विद्यापीठांत पीएच.डी.च्या उमेदवाराला या भाषांतील ग्रंथ वाचता यावेत अशी त्या काळी सर्वसाधारण अपेक्षा असे. इतिहासाच्या पाठांचे फळ त्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनातच दिसते: एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला आणि १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आलेला ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास आकडेवारीवर न थांबता १८३३ पासूनच्या केंद्रीकरणाचा आणि त्यातून हळूहळू झालेल्या विकेंद्रीकरणाचा मागोवा घेतो. हाच धागा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांच्या १९२१ च्या एम.एस्‌सी. प्रबंधातही कायम राहिला.

मानववंशशास्त्राचे चार पाठ मात्र पदवीच्या हिशेबात किरकोळ वाटावेत असे होते, आणि तरीही या निवडीतील सर्वांत दूरगामी परिणाम त्यांतूनच निघाला, असे म्हणावे लागते. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात, म्हणजे विद्यार्थ्यांनी निबंध वाचून त्यांवर चर्चा करावयाच्या वर्गात, आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींची उत्पत्ती, यंत्रणा व विकास यांवरील निबंध वाचला. जातीचे मूळ वर्णभेदात अथवा व्यवसायात न शोधता गटाबाहेर विवाह न करण्याच्या बंधनात शोधावे, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या चाली ते बंधन टिकविण्याची साधने म्हणून पाहाव्यात, हे त्यातील प्रतिपादन अर्थशास्त्राच्या वर्गात क्वचितच घडले असते. १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात हा निबंध छापून आला.

तत्त्वज्ञानाच्या पाठांमुळे जॉन ड्यूई यांचे विचार त्यांच्या परिचयाचे झाले. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले अध्यक्षीय भाषण संमेलन रद्द झाल्यामुळे वाचले गेले नाही, तेव्हा १९३६ मध्ये आंबेडकरांनी ते स्वतःच प्रसिद्ध केले, आणि भूतकाळातून काय राखावे व काय टाकावे या प्रश्नाशी येताच त्यांनी त्यात ड्यूईंचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने निर्देश केला.