जुळ्यांचे जनुक आणि दख्खनी मेंढी

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील पठारी मुलखात, म्हणजे सातारा, सांगली, सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत, पिढ्यानपिढ्या पाळली जाणारी मेंढी 'दख्खनी' या नावाने ओळखली जाते. निकृष्ट चाऱ्यावर तग धरणारी आणि मेंढपाळाबरोबर दूरवर चालणारी ही काटक मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. पूर्वी तिच्या भरड लोकरीला घोंगडीमुळे मागणी होती. घोंगडीचा वापर घटला तसे लोकरीचे मोल उतरले आणि मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यतः मांसासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरांवर अवलंबून राहिले. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. या कळपांतून वर्षाकाठी किती कोकरे विक्रीच्या वयापर्यंत जगतात, यावर हजारो धनगर कुटुंबांचा चरितार्थ ठरतो. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झालेले जुळ्यांच्या जनुकाचे संशोधन याच प्रश्नाशी निगडित आहे.

सुंदरबनातून ऑस्ट्रेलियात

या जनुकाचा इतिहास मोठा रंजक आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात 'बूरूला' नावाच्या मेंढीफार्मवर सिअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्यांचा कळप जोपासला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने, म्हणजे सी.एस.आय.आर.ओ.ने, त्यातील काही जनावरे अभ्यासासाठी घेतली. १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील संशोधकांनी असा निष्कर्ष मांडला की, या मेंढ्यांची बहुप्रसवता अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामामुळे नसून एकाच प्रभावी जनुकामुळे आहे. त्याला 'बूरूला जनुक' किंवा 'फेक-बी' असे नाव मिळाले.

हे जनुक मेरिनोत आले कोठून, याचा माग काढताना जुन्या नोंदी उपयोगी पडल्या. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून सिडनीला बंगाली मेंढ्या जहाजाने नेण्यात आल्या होत्या. सुंदरबनच्या दलदलीत, पाण्यात उभे राहून चरणारी गारोळ ही लहानखुरी मेंढी आजही जुळी व तिळी देते. २००१ मध्ये बूरूला जनुकातील नेमका बदल सापडला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत तोच बदल गारोळ मेंढीतही आढळला. वसाहतीच्या आरंभी भारतातून गेलेला हा गुण ऑस्ट्रेलियन मेरिनोत टिकून राहिला होता, या तर्काला त्यामुळे भक्कम पुष्टी मिळाली.

जनुकाचे कार्य

मेंढीच्या अंडाशयात बीजांडे धारण करणारी असंख्य सूक्ष्म पुटके असतात. सामान्यतः एका ऋतुचक्रात त्यांपैकी एखादेच पूर्ण पक्व होते. ही वाढ नियंत्रित करणाऱ्या एका ग्राही प्रथिनाच्या साखळीत २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल आले, एवढाच बूरूला जनुकातील बदल आहे. त्यामुळे पुटके लहान आकाराची असतानाच पक्व होतात आणि एकाच वेळी एकाहून अधिक बीजांडे सुटतात. मेरिनो मेंढीत या जनुकाच्या एका प्रतीमुळे सुटणाऱ्या बीजांडांची संख्या सरासरी दीडने, तर दोन प्रतींमुळे सुमारे तीनने वाढते.

संकरणाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. ज्या मेंढ्यात या जनुकाच्या दोन प्रती आहेत, त्याच्या प्रत्येक पिल्लात एक प्रत हमखास उतरते. मात्र गुण प्रकट होतो तो मादीतच. नराकडे पाहून किंवा त्याचे वजन करून तो जनुकाचा वाहक आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी रक्ताच्या नमुन्यातून डीएनए चाचणी करावी लागते. अशी खात्रीशीर चाचणी उपलब्ध झाल्यावरच या संकरणाला शास्त्रशुद्ध गती आली.

फलटणचा प्रयोग

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजेच 'नारी', स्थापन केली. निंबकर यांना २००६ मध्ये पद्मश्री किताब मिळाला. या संस्थेने १९९० च्या दशकात सुंदरबनातून गारोळ मेंढ्या आणल्या. पुढे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठ यांच्या सहकार्याने आणि ऑस्ट्रेलिया सरकारच्या कृषी संशोधन निधीतून हे काम विस्तारले.

अडचण अशी होती की गारोळ मेंढीचे वजन जेमतेम १०-१५ किलो, म्हणजे दख्खनी मेंढीच्या निम्म्याच्या आसपास. सरळ संकर केला तर जुळी मिळतील, पण कोकरे खुरटी होतील आणि बाजारात त्यांना भाव येणार नाही. म्हणून संकरित पिढीचा मेळ पुन्हा पुन्हा लोणंद परिसरातील दख्खनी मेंढ्यांशी घालण्यात आला आणि प्रत्येक पिढीत चाचणी करून केवळ जनुकवाहक पिल्ले पुढील पैदाशीसाठी राखण्यात आली. अशा प्रत्येक फेरीत गारोळ रक्ताचा वाटा निम्म्याने घटतो. तो ५० टक्क्यांवरून २५, मग १२.५ असा खाली येतो, पण हवे ते जनुक मात्र टिकून राहते. या प्रक्रियेतून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. मातांना दूध अधिक यावे यासाठी पश्चिम आशियातील दुधाळ अवासी जातीचा अंशही काही कळपांत आणण्यात आला. २००० च्या दशकात जनुकवाहक नर व माद्या स्थानिक मेंढपाळांच्या कळपांत देण्यात आल्या. एक प्रत असलेल्या मेंढ्यांनी दर वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरे दिल्याचे दिसून आले.

आहार व संगोपन

संशोधनाचा कस लागतो तो येथून पुढे. मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो आणि गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात जुळे असलेल्या मेंढीला या काळात केवळ माळावरच्या गवतावर ठेवल्यास ती अंगावरची चरबी जाळू लागते, तिला गर्भविषबाधा होऊ शकते आणि कोकरे कमी वजनाची जन्मतात. त्यामुळे अखेरच्या आठवड्यांत धान्याचा भरडा, पेंड, बाभळीच्या शेंगा किंवा शेवरी-सुबाभळीचा पाला असा जादा खुराक द्यावा लागतो. दोन्ही कोकरांना जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत चीक मिळणे अत्यावश्यक असते. आंत्रविषार व पीपीआर या रोगांवरील लसीकरण आणि वेळेवर जंतनाशक यांनाही तितकेच महत्त्व आहे.

स्थिर कळपात हे सारे शक्य होते. भटकंती करणाऱ्या धनगरांचे गणित वेगळे आहे. पावसाळा सरल्यावर अनेक कळप घाट उतरून कोकणात जातात. वाटेत जन्मलेली कोकरे घोड्यावर लादून किंवा खांद्यावर घेऊन न्यावी लागतात. अशा वेळी एका मेंढीमागे एक धडधाकट कोकरू हे दोन अशक्त कोकरांपेक्षा परवडते. काही मेंढपाळ जुळ्यांपेक्षा लवकर वाढणाऱ्या माडग्याळ नराला पसंती देतात, त्यामागेही हाच व्यवहार आहे. दोन प्रती असलेल्या मेंढीत तिळ्यांची शक्यता वाढत असल्याने सामान्य कळपासाठी एक प्रत असलेली मेंढीच अधिक सोयीची ठरते.

इतरत्र झालेले काम

राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गारोळ, मालपुरा व पाटणवाडी या तीन जातींच्या संकरातून 'अविशान' ही बहुप्रसव मेंढी विकसित केली आहे. चीनमधील हू व स्मॉल-टेल्ड हान या जातींतही हेच जनुक सापडले आहे. तेथे मेंढ्या मुख्यतः गोठ्यात पाळल्या जात असल्याने जादा कोकरांचे संगोपन तुलनेने सुकर होते.

महाराष्ट्रात मात्र माळराने व गायराने आक्रसत आहेत. चराई कमी झाली की कळप लहान ठेवावा लागतो आणि तेवढ्याच मेंढ्यांपासून अधिक कोकरे मिळण्याची निकड वाढते. पण चाराटंचाईतच जुळ्यांच्या मातेला पोसणे सर्वांत कठीण असते. म्हणून जनुकवाहक नर वाटण्याच्या कोणत्याही योजनेला गाभण मेंढ्यांचा खुराक, लसीकरण आणि कळपाबरोबर वाटेवर पोहोचणारी पशुवैद्यकीय सेवा यांची जोड असावी लागते. अशा योजनेचे यशही जन्मलेल्या कोकरांवरून न मोजता दूध तुटल्यानंतर जिवंत असलेल्या कोकरांवरून मोजणे इष्ट ठरते.