छापील कापडामागचे जंगल

छापील सुती कापडाचा विषय निघाला की बगरू, सांगानेर, मच्छलीपट्टणम ही नावे ओठांवर येतात. चंद्रपूर-गडचिरोलीचे नाव कोणी घेत नाही. पण सुतावर रंग टिकतो कशाने, हे शोधत गेले की वाट याच जिल्ह्यांच्या जंगलात, झाडीपट्टीत शिरते.

रेशीम आणि लोकर रंग चटकन घेतात. सूत हट्टी, धुतले की रंग सोडून मोकळे. त्यावर जुन्या रंगाऱ्यांचा उपाय होता हिरडा. कोरे कापड धुऊन हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे आणि उन्हात वाळवायचे. ते पिवळसर होते. मग सागवानी ठसा तुरटीच्या खळीत टेकवून कापडावर उमटवायचा. खळ दाट करायला डिंक, धावड्याचा असला तरी चालतो. एवढे झाल्यावरही नक्षी जेमतेम दिसते. तेच कापड आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांसोबत उकळले, की तुरटी लागली असेल तेवढ्याच जागी लाल रंग चढतो. काळ्याची रीत वेगळी. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवतात. त्या पाण्याचा ठसा हिरडा प्यालेल्या कापडावर टेकला की रेघ काळी पडते.

हिरडा, धावडा, साग ही तिन्ही झाडे या दोन जिल्ह्यांच्या रानात आहेत. आलीला विदर्भात बारतोंडी म्हणतात. शिमग्याच्या रंगाचा पळस तर पावलोपावली.

गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. ते पाणी पुढे ज्या आंध्र किनाऱ्याला लागते, त्याच किनाऱ्यावरच्या छिटांनी, म्हणजे नक्षीदार सुती कापडांनी, युरोपला वेड लावले होते. इंग्रजांनी मच्छलीपट्टणमला १६११ मध्ये बस्तान मांडले. पुढे युरोपातल्या विणकरांचा धंदा बसू लागला, तेव्हा फ्रान्सने १६८६ मध्ये छिटांवर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही १७२१ मध्ये कायदा केला. हाताने रंगवलेल्या सुताचा यापेक्षा मोठा गौरव कोणता?

विदर्भात कापड रंगवण्या-छापण्याचे काम रंगारी, छिपे, भावसार यांच्याकडे होते, निळीचे काम निराळी समाजाकडे. रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात या साऱ्यांची नोंद आहे. तोवर धंद्याचा कणा मोडला होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि गिरणीचे कापड आत आले. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आलीच्या लालीला तोड देणारा अलिझरीन प्रयोगशाळेत तयार केला. तीन-चार वर्षे वाढवून मुळ्या खणायच्या कोणी?

सुताची परंपरा मात्र इथे तगली. चंद्रपूर जिल्ह्यातले सावली खादीसाठी नावाजले. गांधी सेवा संघाचे १९३६ चे अधिवेशन तिथेच भरले आणि गांधीजी त्याला हजर होते.

रानाचे म्हणाल, तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, पुढे अनेक ग्रामसभांना मिळाले. आज हिरडा पोत्यांनी बाहेर जातो आणि त्याची खरी किंमत दुसऱ्याच्या कापडावर चढते. ग्रामसभा, खादी संस्था आणि गोंडवाना विद्यापीठ यांनी मिळून रंगाच्या चार भट्ट्या याच मुलखात पेटवाव्यात. सूत आहे, रान आहे, आता हक्कही आहे.