जागृती आणि जाणीव : एका निदानाचा नामेतिहास

मस्तकास जबर आघात झालेला रुग्ण काही आठवड्यांनी डोळे उघडतो, झोपतो, पुन्हा जागा होतो. परंतु हाकेस ओ देत नाही. मराठीत त्यास 'शुद्धीवर आला, पण भानावर नाही' असे म्हणता येईल. वैद्यकास मात्र हा भेद शब्दांत पकडण्यास बराच काळ लागला.

१९४० मध्ये जर्मन मानसवैद्य अर्न्स्ट क्रेचमर यांनी 'अपॅलिक सिंड्रोम' ही संज्ञा योजिली. लॅटिन 'पॅलियम' म्हणजे झगा; मेंदूचे बाह्य आवरण निकामी झाल्याचे अनुमान त्या नावातच गृहीत धरलेले होते. १९७२ मध्ये ग्लासगोचे ब्रायन जेनेट व न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'व्हेजिटेटिव्ह स्टेट' हे नाव सुचविले. मेंदूतील इजेचे अनुमान टाळून केवळ दिसणारे वर्तन सांगावे, हा त्यांचा हेतू योग्यच होता. परंतु शब्द कोशाच्या आज्ञेत राहत नाहीत. ज्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'चैतन्य देणे', त्याच्या वंशजातून लोकांना 'भाजीपाला' ऐकू येऊ लागला. आणि २०१० मध्ये स्टीव्हन लॉरीस प्रभृती युरोपीय संशोधकांनी 'प्रतिसादरहित जागृती' या अर्थाचे नवे नाव पुढे केले.

नाव बदलले, तरी निदानाची अडचण उरलीच. जाणीव आहे की नाही, हे 'हात उचला' अशा आज्ञेवरून ठरविले जाई. १९९६ मध्ये कीथ अँड्र्यूज यांनी लंडनमधील एका रुग्णालयात या निदानाने आलेल्या ४० रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १७ जणांचे निदान चुकीचे होते, व त्यांतील बहुतेकांची दृष्टी अधू होती अथवा गेली होती. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पाच महिने निःशब्द असलेल्या २३ वर्षांच्या स्त्रीस टेनिस खेळत असल्याची कल्पना करण्यास सांगितले; तेव्हा तिच्या मेंदूचे चित्रण निरोगी व्यक्तींच्या चित्रणासारखेच निघाले. २०२४ मधील बहुराष्ट्रीय पाहणीत, आज्ञेस कोणताही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांच्या मेंदूने तो दिला.

उरलेल्या १८१ जणांविषयी घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. ही कसोटीही अखेर भाषेतूनच घेतली जाते. वाचाघाताने आज्ञेचा अर्थच न लागणारा रुग्ण आणि जाणीवच हरपलेला रुग्ण, यांत ती भेद करू शकत नाही.