आजीची कानडी बंद करू नका!

परवा मिरजेजवळ एका ओळखीच्या घरी गेलो होतो. नातू अडीच वर्षांचा, अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. कुणीतरी सांगितलं, घरात तीन भाषा आहेत म्हणून पोरगं गोंधळलंय, एकच ठेवा. झालं! आजीची कानडी बंद. मराठी तिला मोडकीतोडकीच येते, त्यामुळे ती नातवाशी बोलेनाशीच झाली.

हा समज आला कुठून? याची एक मोठी गोष्ट ब्रिटनमधल्या वेल्सची आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. पुढे १९२३ मध्ये डी. जे. सेअर यांनी तिथल्या सुमारे १,४०० मुलांच्या चाचण्यांचा अभ्यास छापला. खेड्यातली दुभाषी मुलं एकभाषी मुलांपेक्षा मागे दिसली. दोन भाषांनी डोकं गोंधळतं, असा बोभाटा झाला. शहरातल्या मुलांत मात्र तसा फरक नव्हता! म्हणजे दोष भाषेचा की परिस्थितीचा, हा प्रश्न तिथंच विचारायला हवा होता.

तो नीट विचारला गेला १९६२ मध्ये, कॅनडातल्या माँट्रियलला. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी सारख्या आर्थिक परिस्थितीतली दहा वर्षांची मुलं घेतली. फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं पुढे निघाली. अर्थात त्यांनी दोन्ही भाषा चांगल्या येणारीच मुलं निवडली होती, त्यामुळे दुभाषी मूल हुशारच असतं असंही म्हणू नये. पण भाषेनं नुकसान होतं, हे काही टिकलं नाही.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या कुपवाडवर गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलेला लेख जगभरचे भाषातज्ज्ञ वाचतात. कानडी, मराठी, उर्दू एकाच गावात शतकानुशतकं नांदल्या, इतक्या की त्यांची वाक्यरचनाही एकमेकींसारखी झाली. तिथली पोरं काय मुकी राहिली?

दोन भाषांतलं मूलही साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतं. एकेका भाषेतले शब्द कमी वाटतील, पण मोजायचे दोन्ही मिळून. एका वाक्यात दोन भाषा आल्या तरी घाबरायचं कारण नाही.

मात्र दोन वर्षं उलटूनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर 'बोलेल उशिरा' म्हणून बसू नका. आधी कान तपासा, मग स्पीच थेरपिस्टला दाखवा. भाषेवर खापर फोडण्यात खरं कारण शोधायचे महिने वाया जातात.

त्या घरी हेच सांगितलं. कानाच्या तपासणीला पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. निघताना आतून आजीचा आवाज आला, "बा, ऊटा माडु." ये, जेव.

तुमच्या घरात किती भाषा चालतात? आणि कुठली बंद केलीत का?