घसरलेल्याची परतवारी

वाचक माउली, आमच्या हट्ट्यात काय किंवा तुमच्या गावात काय, आषाढीच्या तोंडावर एखादा दारू पिणारा येऊन 'महाराज, माळ घाला' म्हणतो. आपण घालतो, नामाचा गजर होतो. चार महिन्यांनी तो घसरला की माळेचा अपमान केला म्हणून त्याला टाळकऱ्यांत उभं राहू देत नाही. हे योग्य की अयोग्य, ते मागच्यांकडे पाहून ठरवू.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६चा, अमरावती जिल्ह्यातला. वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि पोर मामाकडे दापुऱ्याला वाढलं. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून बाबांनी गोडाचं जेवण घातलं. कीर्तनात ते श्रोत्यालाच प्रश्न विचारत, उत्तर त्याच्याच तोंडून काढत. मीही गादीवरून पुष्कळ वर्षं सांगितलं. पण दारू सोडायचा शब्द कीर्तनाच्या एका रात्रीत मिळतो, तो पाळायला रोजची संध्याकाळ असते.

त्या संध्याकाळचं काय करावं, हे १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन नावाच्या गृहस्थाला उमगलं. नुकतीच सुटलेली दारू परगावी पुन्हा बोलावू लागली, तेव्हा त्यानं दुसरा एक पिणारा शोधला, डॉ. बॉब स्मिथ. दोघं बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. आपण याला सत्संग म्हणतो, नाही का?

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ला मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं हे काम, मदतीचा हात पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा. तिथं बरे झालेलेच पुढे समुपदेशक होऊन नव्या माणसाजवळ बसतात, आणि पुन्हा घसरून आलेल्यालाही दार उघडं असतं. मला हे आपल्या दिंडीसारखं वाटतं.

गावाच्या रक्षणाचं काम आयाबहिणींनी केलं. २००८च्या नियमानं गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं. एकूण महिला मतदारांतल्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीच्या बाजूनं गेल्या की दुकान बंद. मोठं काम आहे. मात्र दुकान गेलं तरी पिणारा घरातच असतो, आणि त्याच्याकडे मग कुणी फिरकत नाही.

एक गोष्ट बुवालोकांनीही ध्यानात ठेवावी. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर हात थरथरतात, भास होतात, झटकेही येतात, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्यावं, माळ मागून घालता येते.

आषाढ वद्य एकादशीला आपण परतवारीला नर्सीला जातो. घसरलेला त्या गर्दीत कडेला उभा दिसला तर टाळ त्याच्या हातात द्या. आणि दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, त्याची दुकानाकडे निघायची वेळ होते तेव्हा, दोघं जण त्याच्या ओट्यावर जाऊन बसा.