इन्स्पेक्टर ईगल आणि पंचनामा

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. त्यामुळेच पुढे आमच्या खाप्यात, हातमागांच्या खटखटीत, विनोद शर्मांचा ‘इन्स्पेक्टर ईगल’ घुमू लागला. मालिका हिंदी, पण ऐकत सगळेच. दार करकरे, पावले वाजत आणि शेवटी गुन्हेगार बहुधा ईगलपुढेच कबुली देऊन मोकळा होई.

श्रोतेहो, मला खटकते ती ही कबुली. पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही, असे १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम २५ सांगे; १ जुलै २०२४ला आलेल्या नव्या कायद्यानेही ते कायम ठेवले. मारून वदवून घेण्याची भीती त्यामागे आहे.

अमेरिकेत १९४९ साली जॅक वेब यांनी रेडिओवर आणलेली ‘ड्रॅगनेट’ लॉस एंजेलिस पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेली. तिचा सार्जंट फ्रायडे दारोदार फिरे, तेच ते प्रश्न विचारी; अखेर खटल्याचा निकालही सांगितला जाई. आपल्याकडे तपासाचा जीव पंचनाम्यात. पंच न्यायालयात उलटला, की महिन्यांची मेहनत पाण्यात. तसा प्रसंग ईगलच्या मालिकेत मी तरी कधी ऐकला नाही.