पिल्लं मोजून कासव वाचत नाही

फेब्रुवारी-मार्च आला की कोकणातल्या वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकू लागतात. वाळूवर पालथी घातलेली टोपली उचलली जाते, खालची काळी-करडी पिल्लं लाटेकडे सरपटत सुटतात आणि दोरीमागे उभी असलेली शे-दीडशे माणसं मोबाइल सरसावतात. हंगाम सरला की यंदा इतकी घरटी, इतकी पिल्लं असा हिशेब छापून येतो. आकडा मोठा असेल तर कासव वाचलं, असं आपण धरून चालतो. हे धरून चालणंच मला मान्य नाही.

आधी पूर्वपक्षाचं देणं देऊन टाकतो. 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने वेळासला काम सुरू केलं, तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी माणसं, कुत्री आणि कोल्ही यांच्या तावडीतून क्वचितच सुटत. पहाटे मादीचा माग काढायचा, अंडी अलगद उचलायची आणि कुंपणाच्या आत सुरईच्या आकाराचा खड्डा करून पुरायची, हे काम गावातल्याच माणसांनी अंगावर घेतलं. ते नाजूक असतं. घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं तर तो दगावतो. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला, घराघरांत पर्यटक उतरू लागले आणि अंडी खाणारा गाव अंडी राखणारा झाला. यातलं काहीही खोडून काढायचं नाही.

खोडायचा आहे तो पुढचा निष्कर्ष. महोत्सवात हटकून ऐकू येणारं वाक्य असतं: हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं, म्हणून जास्तीत जास्त पिल्लं सोडली पाहिजेत. हा हजाराचा आकडा अंदाजाचाच आहे, पण तो खरा मानला तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो. हजारांतून एक जगतं, म्हणजे वयात आलेली एक मादी हजार पिल्लांच्या तोलाची. एका घरट्यात अंडी साधारण शंभर-सव्वाशे आणि ती सगळी उबत नाहीत. तेव्हा एक मादी जाळ्यात गुदमरली की निदान दहा घरट्यांची राखण पाण्यात गेली. तीही ज्या वर्षांत ती पुन्हा पुन्हा किनाऱ्यावर आली असती, ती वर्षं हिशेबात न धरता.

ही नुसती तोंडी बेरीज-वजाबाकी नव्हे. डेबोरा क्राऊस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅस्वेल या तिघा अभ्यासकांनी 1987 साली लॉगरहेड कासवाच्या आयुष्याचे टप्पे पाडून गणित मांडलं. संख्या वाढवायची तर कोणत्या टप्प्यावरचे मृत्यू कमी केले पाहिजेत, हा प्रश्न होता. उत्तर निघालं मोठ्या, पण अजून वयात न आलेल्या कासवांचं; अंडी वाचवण्याचा परिणाम त्यामानाने तोकडा ठरला. लॉगरहेड वेगळी जात आहे, रिडले तिच्या आधी वयात येते, त्यामुळे तेच आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण उशिरा वयात येऊन अनेक वर्षं अंडी घालणं ही रीत दोघींची एकच.

यावर केम्प्स रिडले या कासवाच्या जातीचा दाखला पुढे केला जातो: मेक्सिकोत अंडी राखूनच ती तगली ना? दाखला पुरता पाहावा. 1947 साली रांचो नुएवोच्या किनाऱ्यावर एका दिवसात अंदाजे 40 हजार माद्या चढल्याचं चित्रीकरण आहे. 1966 पासून तिथे राखण बसली. तरीही 1985 साली घरटी उरली जेमतेम सातशे. आलेख वर वळला तो अमेरिकेत कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांना कासव सुटण्याची सोय सक्तीची झाल्यावर आणि कोळंबीच्या बोटीही घटल्यावर. राखण नसती तर सुटायला कासवंच उरली नसती, हेही तितकंच खरं. दोन्ही लागतं, आपण मात्र एकाचाच उत्सव करतो.

ती सोय साधी आहे. जाळ्याच्या गळ्यापाशी गजांची तिरपी चौकट बसवायची आणि तिच्यालगत जाळ्याला तोंड ठेवायचं. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव चौकटीवरून घसरून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना जमेल असा नमुना केव्हाच तयार केला आहे. तरी तो सर्रास वापरात नाही, म्हणून भारतातली समुद्रात धरलेली कोळंबी अमेरिका गेली काही वर्षं घेत नाही. त्या तोंडातून मासळीही निसटते, ही मच्छीमारांची तक्रार खोटी नाही. नुकसान थोडं असलं तरी ते ज्याच्या जाळ्यात होतं त्यालाच सोसावं लागतं. पावसाळी मासेमारीबंदीचाही इथे उपयोग नाही. ती जूनमध्ये लागते, आणि कोकणात माद्या किनाऱ्याजवळ येतात नोव्हेंबर ते मार्च, ऐन मासेमारीच्या मोसमात.

इथे ‘मच्छीमारच कासवाचा वैरी’ हा दुसरा सोपा समज डोकं वर काढतो. महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीस आलेली योजना त्याला पुरेसं उत्तर आहे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून छायाचित्र किंवा चित्रफीत द्यायची. तिचा लाभ घेऊन मच्छीमारांनी कासवंच नव्हे, बहिरी, म्हणजे व्हेल शार्कही सोडले आहेत. मात्र जाळं कापलं की काम संपत नाही. बराच वेळ पाण्याखाली अडकलेलं कासव मेल्यासारखं निपचित पडतं, पण ते बेशुद्धही असू शकतं. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उचलून धरायची, अंग ओलं आणि सावलीत ठेवायचं. काही तासांनी, कधी दिवसभरानेही, ते हालचाल करू लागतं. एवढं प्रत्येक तांडेलाला आणि खलाशाला दाखवून देण्यावर खर्च झाला, तर तो एखाद्या महोत्सवाच्या मांडवापेक्षा सत्कारणी लागेल.

आणि हिशेब छापायचाच, तर पिल्लांच्या आकड्याशेजारी त्याच हंगामात किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या मोठ्या कासवांचा आकडाही छापावा, तालुकावार.